हातानं धरलेला उतार

रज्जाकभाऊंच्या गाडीत पहिल्यांदा बसणाऱ्याची नजर रस्त्याकडे कमी आणि त्यांच्या उजव्या पायाकडे जास्त जायची. भद्रावती मागे टाकून नागपूरचा चौपदरी रस्ता लागला की ते स्टिअरिंगमागची एक छोटी दांडी बोटाने खाली दाबायचे. समोरच्या चकतीत हिरवा दिवा लागला की गाडी आपली आपण पळायला मोकळी. मग रज्जाकभाऊ उजव्या पायाला गुडघ्याखाली हात घालून उचलायचे आणि धान्याचं पोतं सरकवावं तसा दाराच्या बाजूला सरकवून ठेवायचे. "जा, तुई सुट्टी झाली," असं त्या पायाला सांगायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "बाबू, पायाची सुट्टी मांड."

सुट्टी मांडणं हे माझं आयुष्यभराचं काम. माजरीकडच्या एका उघड्या कोळसा खाणीत मी हजेरीबाबू होतो आणि रज्जाकभाऊ डंपर चालवायचे. डंपर म्हणजे रस्त्यावर दिसतो तो ट्रक नव्हे. खाणीतला डंपर घराएवढा असतो, त्याच्या चाकाजवळ उभं राहिलं तर माणूस टायरच्या निम्म्यालाही येत नाही, आणि ड्रायव्हरला शिडी चढून वर जावं लागतं. रज्जाकभाऊ ती शिडी अशा रुबाबात चढायचे की खाली उभ्या असलेल्या इंजिनिअरलाही आपण काहीतरी चुकीचं शिकलो असं वाटावं. चढून झाल्यावर वरून ओरडायचे, "बाबू, मी आलो हे मांडलं का? नाई तं संध्याकाळी म्हनशीन, डंपर आपल्या मनानं चालला."

आमच्या भागात परमेश्वराने डोंगर देताना हात आखडता घेतला, म्हणून खाणीने ते स्वतः तयार केले. कोळशावरची माती खणायची आणि बाजूला रचत जायची. त्या ढिगावर पुढे बाभळी उगवतात आणि बाहेरगावचा पाहुणा त्याला निसर्ग समजून फोटो काढतो. असे दोन-तीन डोंगर तरी रज्जाकभाऊंनी एकट्याने वाहून नेले असतील. त्यामुळे चढ-उतार या विषयावर आपल्याला कोणी काही सांगू नये, अशी त्यांची समजूत होती, आणि कोणी सांगितलंच तर त्याची ते फार नम्रपणे चेष्टा करायचे.

त्यांचं खरं प्रेम होतं डंपरच्या रिटार्डरवर. खाणीत उतरताना सारखा ब्रेक दाबत बसलं तर ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून डंपरला स्टिअरिंगजवळ एक दांडी असते. ती हाताने आपल्याकडे ओढली की एवढं मोठं धूड उतारावर धरलेलं राहतं, पाय लावावा लागत नाही. नवीन पोरं घाबरून ब्रेकवर पाय ठेवायची. रज्जाकभाऊ त्यांना कँटीनमध्ये सगळ्यांसमोर विचारायचे, "काऊन गा, तू डायवर हायेस का हमाल? उतारावर पाय वापरते तो हमाल. डायवर गाडी हातानं धरते." त्यांचे वडील वरोऱ्याच्या स्टेशनवर टांगा हाकायचे. "माह्या बापानं घोडा हातानं धरला, मी डंपर हातानं धरला," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते माझ्याच बापाबद्दल आहे असं मला कधी कधी वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांना साखरेने धरलं. खरं म्हणजे साखर आधीपासून होती, पण खाणीत असताना त्यांनी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, आणि घरी बसल्यावर तिने सगळा हिशेब एकदम मांडला. एका दुपारी ते बाजारातून थेट माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसले. त्यांच्या डाव्या पायात चप्पल होती, उजवा पाय धुळीने माखलेला आणि अनवाणी. मी विचारलं, "भाऊ, दुसरी चप्पल कुठी हाये?" त्यांनी खाली पाहिलं. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. म्हणाले, "मागून येऊन राह्यली. तिले घाई नाई." ती चौकातल्या फळवाल्याच्या गाडीजवळ सापडली. तिथून माझ्या घरापर्यंत, उन्हाने तापलेल्या डांबरावरून हा माणूस एका चपलेने चालत आला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की उजव्या तळव्याची जाणीव गेली आहे आणि आता गाडी चालवायची नाही. रज्जाकभाऊंनी हे नीट ऐकून घेतलं आणि त्यातला आपल्याला सोयीचा तेवढा भाग घरी आणला. "डॉक्टर म्हन्ते, पायानं चालवू नोका. चालवूच नोका असं तो कुठी म्हनला?" आणि महिन्याभरात नागपूरच्या एका बिल्डरने वापरून कंटाळलेली मोठी पांढरी गाडी त्यांच्या दारात आली. गिअर आपोआप पडणारी आणि मुख्य म्हणजे क्रूझ कंट्रोलवाली, ठरवून दिलेला वेग पायाशिवाय आपणच राखणारी. ते त्याला कुरूज म्हणायचे. "माह्या पायात जीव नाई तं काय झालं बापा? हिच्या पायात हाये. कुरूज लावलं का झालं."

इथे नाझनीनची गाठ पडते. नाझनीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. नवऱ्याची नोकरी हिमाचलातल्या एका धरण प्रकल्पावर, त्यामुळे ती तिकडे एका उंच खिंडीपलीकडच्या वसाहतीत राहायची. आईकडून तिला चपलेची गोष्ट कळली होती आणि तिने फोनवर बापाला धारेवर धरलं. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो. रज्जाकभाऊंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, बहुधा मी आपली बाजू घेईन या आशेने.

"अब्बा, गाडीची चावी अम्मीकडे द्या."

"काऊन? मी मेलो का?"

"तुमच्यासाठी नाही म्हणत मी. तुम्हाला तर कोणी सांगूच शकत नाही. समोरून येणाऱ्यासाठी म्हणते. त्याला काय माहीत तुमचा पाय झोपला आहे."

त्यावर त्यांना पटकन उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की ते पैज लावायचे. म्हणाले, "मी गाडी तुह्या दारात आनून उभी करतो. स्वता चालवून. आनली तं चावीचं नाव काढाचं नाई जिंदगीभर. नाई आनली तं चावी तुयी." नाझनीन हसली आणि हो म्हणाली. भद्रावतीहून हिमालय म्हणजे अर्धा हिंदुस्थान ओलांडायचा, बाप येतो कशाला, असा तिचा हिशेब होता. बापाला एवढी वर्षं ओळखूनही तिने हा हिशेब केला, याचं मला आजही नवल वाटतं.

ही पैज म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट होता, एवढं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण मला खरं कारण ठाऊक होतं. शिडीवरून उतरल्यापासून या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, दुकान नाही, पत्त्यांची आवड नाही. चावी गेली की ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांना नावं ठेवणार आणि सहा महिन्यांत त्यातलाही दम संपणार, हे मला दिसत होतं. आणि समोरून येणाऱ्याबद्दल नाझनीन बोलली तेही शंभर टक्के खरं होतं. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की माणूस चहा पितो, तसा मी पीत राहिलो.

हिमालयाआधी एक रंगीत तालीम झाली. रज्जाकभाऊंच्या बायकोचं, शमीमभाभींचं, माहेर आरमोरीचं. त्यांना तिथे सोडलं आणि रज्जाकभाऊ म्हणाले, "चाल बाबू, पुढं कुरखेड्याकडून कोरचीचा घाट पाहून येऊ. सायेबची परीक्षा घेऊ." साहेब म्हणजे क्रूझ कंट्रोल. जंगलातल्या सपाट रस्त्यावर साहेबांचं काम वाखाणण्याजोगं होतं. रस्त्यावर नीलगाय नव्हती, बैल नव्हते, गतिरोधक नव्हता तोवर गाडी साठवर रेघ मारल्यासारखी चालली. मग घाट सुरू झाला.

चढाला लागताच वेग पन्नासवर आला. साहेबांना ते उशिरा कळलं. कळल्यावर त्यांनी एकदम दोन गिअर खाली टाकले, इंजिन बोंबललं आणि गाडी उसळून नेमकी वळणात साठवर गेली. रज्जाकभाऊंनी पाय उचलून ब्रेकवर ठेवला, ब्रेक लागताच साहेब रजेवर गेले. पुन्हा दांडी दाबली, तर वेग चाळीसच्या खाली, आणि चाळीसच्या खाली साहेब हात लावत नाहीत. वेग वाढवायला पाय हवा, आणि पाय नको म्हणून तर साहेबांना आणलेलं. असं करत करत आम्ही डोंगर चढलो. वर सायकल ढकलत चाललेला एक म्हातारा थांबला आणि म्हणाला, "गाडी बिघडली का भाऊ? लय आवाज करून राह्यली."

"बिघडली नाई गा," रज्जाकभाऊ म्हणाले. "हुशार हाये."

परतताना मी सांगून पाहिलं की आता एवढ्याशा घाटात ही गत, तर हिमालयात काय होईल. ते विचार करत गाडी चालवत राहिले. आरमोरी आली तेव्हा निष्कर्ष जाहीर झाला. "हा घाट लहान पडला, बाबू. सायेबले हातपाय पसरायले जागाच नाई भेटली. मोठ्या घाटात पाह्यजो तू." अशा तर्कशास्त्रापुढे माझी पदवी कामाची नव्हती. मोठ्या साहेबांनाही लहान खाणीत कधी काही जमलं नाही की त्यांची बदली मोठ्या खाणीवर होते, हे मी स्वतःच पाहिलेलं होतं.

मे महिन्यात निघालो. मी का गेलो असं माझी बायको अजून विचारते. शमीमभाभी डबा घेऊन आमच्याकडे आल्या होत्या आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुमी चाला. मी ओरडली तं ते ऐकत नाई. तुमी ओरडसान तं निदान चिडतीन, अन् चिडले का गाडी हळू चालवते." हे कारण मला पुरेसं वाटलं. भाभी मागच्या सीटवर बसल्या, शेजारी लेकीसाठी आरमोरीच्या तांदळाची गोणी आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. हातात तसबीह, जपाची माळ, होती. तिचे मणी चंद्रपूर जिल्हा संपेपर्यंत सावकाश फिरत होते.

मैदानभर साहेबांनी कर्तबगारीची कमाल केली. नागपूर, जबलपूरकडचा रस्ता, पुढे उत्तरेचे लांबच लांब महामार्ग, कुठेही तक्रारीला जागा नाही. रज्जाकभाऊ उजवा पाय सुट्टीवर पाठवून मला अख्खा वेळ सुनावत होते. "पाह्य. नाझो म्हन्ते चावी दे. अवो, मी तं नुसता बसून राह्यलो. सायेब चालवून राह्यला." समोर ट्रक आला की मात्र पायाला कामावर बोलवावं लागे. ते आधी खाली पाहायचे, पाय कुठे आहे ते डोळ्यांनी शोधायचे आणि मग ब्रेक दाबायचे. सपाटीवर तेवढा वेळ मिळतो. मी प्रत्येक वेळी माझ्या बाजूचा नसलेला ब्रेक दाबत होतो आणि मुक्कामाला पोचेपर्यंत माझ्या पोटरीत गोळे यायचे.

मग पहाड आले आणि साहेबांचा कारभार उघडा पडला. कोरचीच्या घाटात जे थोडक्यात झालं होतं ते इथे सविस्तर झालं. गाडीत तीन माणसं, सामान, तांदूळ, आणि रस्ता वर वर चाललेला. जसजसं उंच जावं तशी हवा विरळ होत गेली आणि इंजिनाला धाप लागली. पन्नास ठरवून द्यावेत तर गाडी रडतखडत पंचेचाळीसपर्यंत यायची, मग साहेबांना जाग येऊन गिअर खाली पडायचा, भयंकर आवाज व्हायचा, वेग काही वाढायचा नाही. मग गिअर वर, मग पुन्हा खाली. शेवटी साहेब कोणालाही न सांगता हिरवा दिवा मालवून निघून जायचे. मागून ट्रकवाला हॉर्न देत असायचा. एक पहाडी टॅक्सीवाला शेजारून जाताना मान वळवून आमच्याकडे बघत गेला, आणि त्याच्या नजरेत काळजी होती हे मला जास्त लागलं.

"बाबू," रज्जाकभाऊ म्हणाले, "तुले हापिसातला तो मोठा सायेब आठवते का? सपाटीवर लय हुशार. पानी भरलं खानीत का म्हने, तुमीच पाह्यून घ्या."

"आठवते."

"मेल्यावर तो इथी आला असन," ते म्हणाले आणि दांडीवर टिचकी मारली.

विनोद चालू होते, पण पाय पूर्णवेळ कामावर आला होता आणि त्याला काम जमत नव्हतं. कधी तो एक्सलरेटरवर इतका बसायचा की गाडी झेपावायची, कधी घसरून बाजूला पडायचा आणि गाडी मरगळायची. सपाटीचा एक तुकडा आला तेव्हा रज्जाकभाऊंनी अधाशासारखं दांडी दाबून साठ लावून घेतले. दोन मिनिटं साहेब चालले. मग शेवटचा चढ आला, ब्रेक लागला, दिवा मालवला. मागे तसबीहचे मणी आता फार भरभर फिरत होते.

खिंडीच्या माथ्यावर एक चहाची टपरी होती. चंद्रपुरात त्या दिवशी लोक कूलरपुढे पडून असतील आणि इथे रस्त्याकडेला काळपट झालेला बर्फ. रज्जाकभाऊ गाडीतून उतरले, चहा घेतला आणि टपरीवाल्याला आमच्या खाणीतले डोंगर किती उंच आहेत ते हिंदीत सांगू लागले. "इथी हवाच नाई बाबू, सायेबले दम लागला, त्याचा काय दोष," असंही मला सांगून झालं. भाभी त्यांच्या पायाकडे बघत होत्या. मीही पाहिलं. उजवी चप्पल गाडीतच राहिली होती आणि त्यांचा उघडा पाय वितळत्या बर्फाच्या राड्यात उभा होता. पाय निळसर पडला होता. वर चहाची बशी फुंकणं चाललं होतं.

भाभी वळल्या. गाडीतून मोजा आणि चप्पल घेऊन आल्या, खाली बसल्या, ओढणीने तो पाय पुसला, मोजा चढवला. रज्जाकभाऊंनी बोलणं मध्येच थांबवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान फिरवली. मी ओरडायला पाहिजे होतं, त्यासाठीच तर मला आणलं होतं. पण तिथे माझ्या तोंडून एवढंच आलं, "भाऊ, उतार मी घेतो."

"उतार?" ते म्हणाले. "चढ घेतला मी अन् उतार तू घेशीन? उतार तं माह्या घरचा हाये."

पलीकडच्या बाजूला रस्ता एकदम खाली झेपावत होता. डावीकडे खोल दरी, उजवीकडे कापलेला डोंगर, आणि तळाशी कुठेतरी नाझनीनची वसाहत. पहिली काही वळणं त्यांनी फार सुंदर घेतली. खालच्या गिअरमध्ये, शांतपणे. मला त्यांच्या चेहऱ्यावर खाणीतले रज्जाकभाऊ दिसले. इतका लांब, इतका खडा उतार त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळाला होता. गाडी भरलेली होती, मागून वजन ढकलत होतं, वेग हळूहळू वाढायला लागला. आणि अशा वेळी त्यांच्या हाताने आयुष्यभर जे केलं होतं तेच केलं. स्टिअरिंगमागची दांडी पकडली आणि आपल्याकडे ओढली.

डंपरची दांडी ओढली की डंपर धरला जातो. या गाडीची दांडी ओढली की साहेबांना आधी लावलेला वेग आठवतो. आधी लावलेले होते साठ. हिरवा दिवा लागला आणि इंजिन गरजून गाडी पुढे झेपावली. धरत नाही असं दिसलं तसं रज्जाकभाऊंनी दांडी आणखी जोरात ओढून धरली. खाणीत असंच करायचं असतं. इथे दांडी जितकी धरावी तितका वेग वाढतो. चढावर जे साहेब दिवसभर मेल्यासारखे पडले होते, त्यांना उतारावर अचानक कामाचा उत्साह आला होता.

मी ओरडलो का, मला आठवत नाही. रज्जाकभाऊंनी खाली पाहिलं. पाय दाराजवळ पडला होता, ब्रेकपासून दूर, पूर्ण सुट्टीवर. त्यांचा आवाज मात्र कँटीनमधल्यासारखा होता. "बाबू, स्टेरिंग धर." मी वाकून धरलं आणि जीव मुठीत घेऊन डोंगराच्या बाजूला वळवलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्याखाली घातले, पाय उचलला, ब्रेकवर नेऊन ठेवला आणि मग दोन्ही हातांनी आपलाच गुडघा खाली दाबून धरला. सगळं अंग त्या गुडघ्यावर टाकलं. गाडी रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात नाक खुपसून थांबली.

मागे गोणी फुटली होती. भाभींच्या मांडीवर, सीटवर, खाली सगळीकडे तांदूळ पसरला होता आणि दाणे अजून सीटवरून टपटप गळत होते. कोणाला लागलं नव्हतं. रज्जाकभाऊंचे हात गुडघ्यावरून निघत नव्हते, भाभींनी मागून वाकून ते सोडवले. ते म्हणाले, "बाबू, हिले रिटार्डर नाई."

"नाई, भाऊ."

"मले वाटलं हाये." ते समोरच्या रिकाम्या वळणाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने खालून एक शाळेची छोटी बस वर आली आणि आमच्या शेजारून निघून गेली. काचांना नाक लावलेल्या पोरांनी आमच्याकडे पाहून हात हलवले. रज्जाकभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "समोरून कोनी आलं नाई," ते म्हणाले. मग पुन्हा, अगदी हळू, "तवा समोरून कोनी आलं नाई, बाबू."

पुढचा उतार मी उतरलो. मी म्हणजे ज्याने चंद्रपूरबाहेर स्वतःची छोटी गाडीही कधी नेली नव्हती. पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लटकून, इतका हळू की एक मेंढपाळ आम्हाला मागे टाकून गेला. रज्जाकभाऊ डाव्या सीटवर बसले होते. माझ्या चालवण्याला त्यांनी एकही नाव ठेवलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

वसाहतीचं फाटक दिसलं. आत सपाट, सरळ, रिकामा रस्ता आणि टोकाला नाझनीनचं घर. मागून भाभी म्हणाल्या, "भाऊ, गाडी रोका." मी थांबवली. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "जा. बसा तिकडं." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. चावी काढून घे म्हणून लेकीला फोन करणारी हीच बाई होती. रज्जाकभाऊ उतरले, गाडीला हात लावत लावत पलीकडे गेले आणि बसले. जागा सोडून मी गाडीच्या पुढे पायी चालत निघालो, समोरून येणाऱ्याला बाजूला करायला. कोणीच नव्हतं. गाडी माझ्या मागून, माझ्याहून हळू येत होती. हिरवा दिवा लागलेला नव्हता.

हॉर्न वाजला तशी नाझनीन बाहेर आली. बापाला स्टिअरिंगवर बघून तिचे डोळे आनंदाने मोठे झाले आणि दुसऱ्याच क्षणी तिला पैज आठवली असावी, कारण तिचा चेहरा पडला. रज्जाकभाऊ उतरले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, मग तिचा तळवा उघडून त्यावर चावी ठेवली.

"अब्बा, पण तुम्ही तर जिंकलात."

"जितलो म्हनूनच देऊन राह्यलो," ते म्हणाले. "हरलो असतो तं हातून सुटली नसती माह्या."

गाडी जावयाने तिकडेच विकून टाकली. आम्ही रेल्वेने परतलो. इंजिनाच्या ड्रायव्हरला ब्रेक लावता येत नाही, असं रज्जाकभाऊ बल्लारशाकडच्या पॅसेंजरांना वरोऱ्यापर्यंत समजावून सांगत होते, तेव्हा माझ्या जीवात जीव आला. पुढे ते माझ्या छोट्या गाडीच्या डाव्या सीटवर बसायला लागले. मला वाटलं होतं चावी गेली की हा माणूस ओट्यावर मिटून जाईल. तसं झालं नाही. त्यांना माझं चालवणं मिळालं होतं, आणि नावं ठेवायला एवढं मोठं रान आयुष्यात कोणाला मिळत नाही. "बाबू, तू गाडी चालवून राह्यला का तिची समजूत काढून राह्यला?" चिमूरच्या रस्त्यावर मी एकदा बैलगाडीच्या मागे दहा मिनिटं चाललो. ते म्हणाले, "बैलाले विचार, तुले वोव्हरटेक करू देते का." माझ्या गाडीला क्रूझ कंट्रोल नाही, याचं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. साहेबांशी त्यांचं भांडण झालं होतं, पण संबंध तुटले नव्हते.

मागच्या हिवाळ्यात त्या पायाला एक फोड आला, तो त्यांना कळला नाही, आणि कळला तेव्हा उशीर झाला होता. आधी पाय गेला आणि पंधरवड्यात ते गेले. दवाखान्यात शेवटी भेटलो तेव्हा पांघरुणाखाली ती रिकामी जागा दाखवून म्हणाले, "बाबू, याचं नाव आता हजेरीतून काढून टाक." मला हसू आलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. गाडीत बसलो की डावीकडून आता कोणी काही बोलत नाही आणि माझं चालवणं दिवसेंदिवस बिघडत चाललं आहे.

नाझनीन चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आली होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसली. म्हणाली, "काका, गाडी विकायच्या आधी मी धुतली होती. पुढचा बंपर चेपलेला होता, त्यात खडी अडकली होती. आणि सीटखाली सगळा तांदूळ. अम्मीला विचारलं तर म्हणते गोणी जुनी होती." ती माझ्याकडे वळली. "खरं सांगा. त्या दिवशी अब्बांनीच आणली होती ना गाडी?"

आयुष्यभर मी हजेरी मांडली. माणूस आला की नाही एवढंच त्यात असतं, तो कसा आला हे लिहायला कुठे जागा नसते. मला खडीचा ढीग दिसत होता, गुडघ्यावर दाबून धरलेले ते दोन हात दिसत होते, आणि खालून वर आलेली ती बस.

"त्यांनीच आणली," मी म्हटलं. "उतारावर तर त्यांनी गाडी हातानं धरली होती, बेटा."